चिनी भाषकांना इंग्रजी वाक्प्रचार आणि फ्रेझल व्हर्ब शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिनी मातृभाषा असलेल्या मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या, किंवा चिनी सहकाऱ्यांबरोबर रोज इंग्रजीत काम काढणाऱ्या मराठी मंडळींसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. फ्रेझल व्हर्ब म्हणजे साधं क्रियापद आणि 'अप', 'ऑफ', 'आउट'सारखा छोटा शब्द यांची जोडी, जिचा मिळून वेगळाच अर्थ होतो: 'गिव्ह' म्हणजे देणं, 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणं. चिनी म्हणजे इथे मुख्यतः मँडरिन. चिनी शब्द कानाला जसे लागतात तसे देवनागरीत लिहिले आहेत. रोमन लिपीत त्यांच्यात ब, ड, ग दिसले तरी उच्चार आपल्या प, त, क यांच्या जवळचा असतो, तेव्हा स्पेलिंग बघून गोंधळू नका.

विद्यार्थ्याचं व्याकरण पक्कं आहे, शब्दही ढीगभर येतात. तरी तो 'गिव्ह अप स्मोकिंग' न म्हणता 'अबँडन स्मोकिंग' का म्हणतो?

कारण 'अबँडन' त्याने परीक्षेसाठी घोकलाय. शब्दसंग्रहाच्या वर्णानुक्रमी पुस्तकांत हा शब्द पहिल्याच पानावर येतो. त्यावरून चिनी विद्यार्थ्यांत एक विनोद रूढ आहे: पुस्तक उघडलं, पहिला शब्द 'सोडून देणे', आणि आम्ही लगेच सोडून दिलं. चीनमधली महाविद्यालयीन इंग्रजीची 'सीईटी-४' ही देशव्यापी परीक्षा १९८७ पासून चालू आहे. अशा परीक्षांच्या तयारीत एक शब्द, एक अर्थ, एक स्पेलिंग असा हिशेब सोयीचा पडतो. 'गिव्ह' आणि 'अप' हे दोन्ही शब्द मुलाला लहानपणापासून माहीत असतात, म्हणून यादीत त्यांची जोडी आली तरी तिच्याकडे लक्ष जात नाही.

दुसरं कारण सावधपणा. २००४ साली यान लियाओ आणि योशिनोरी फुकुया यांनी चिनी विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. मध्यम पातळीचे विद्यार्थी फ्रेझल व्हर्ब टाळून एकशब्दी क्रियापद धरतात, आणि अर्थ लाक्षणिक असेल तर जास्तच टाळतात, असं त्यात दिसलं. वरच्या पातळीच्या विद्यार्थ्यांत मात्र मातृभाषकांच्या मानाने फारसा फरक उरला नव्हता. म्हणजे खोड कायमची नाही. 'अबँडन' ऐकून लगेच टोकू नका, अर्थ पोचलाय. वाक्य आपण 'गिव्ह अप' घालून परत म्हणायचं आणि पुढे बोलत राहायचं. असं चारदा झालं की पाचव्यांदा तो स्वतःच म्हणतो.

चिनी भाषेत फ्रेझल व्हर्बसारखं काही नसतंच ना?

हे सगळीकडे ऐकायला मिळतं आणि ते अर्धवट आहे. चिनीत क्रियापदाला मागून एक छोटा तुकडा जोडतात आणि कृतीचा निकाल किंवा तिची दिशा सांगतात. 'थिंग' म्हणजे ऐकणं, 'थिंग तुंग' म्हणजे ऐकून कळणं. 'छिलाय' म्हणजे वर उठून येणं; तेच 'श्यांग', म्हणजे विचार करणं, याला जोडलं की 'श्यांग छिलाय', आठवणं. आठवण्यात वर येण्यासारखं काय आहे? इंग्रजीतल्या 'अप'बद्दल विद्यार्थी आपल्याला नेमकं हेच विचारतो. त्याच्या स्वतःच्या भाषेत तसलाच 'अप' बसलाय, हे त्याला कोणी दाखवलेलं नसतं.

मराठी शिक्षकाला इथे आयता फायदा आहे. चिनीतला 'त्याओ' हा तुकडा घ्या. मूळ अर्थ गळून पडणं. 'छ्र' म्हणजे खाणं, 'छ्र त्याओ' म्हणजे खाऊन टाकणं. 'माय त्याओ' विकून टाकणं. 'रंग त्याओ' फेकून देणं. 'वांग त्याओ' विसरून जाणं. आपलं 'टाकणे' जे काम करतं तेच हे. मराठीत 'खा' आणि 'खाऊन टाक' यांतला फरक आपल्याला कधी कोणी शिकवला नाही, पण तो पाळला नाही तर कान लगेच टोचतो. इंग्रजी हेच काम कधी 'अप', कधी 'ऑफ', कधी 'अवे' यांच्यावर सोपवते: 'ईट इट अप', 'सेल इट ऑफ', 'थ्रो इट अवे'.

विद्यार्थ्याला म्हणा, तुझ्या 'त्याओ'च्या जागी इंग्रजीत काय येतं ते शोध. मग त्याच्या वहीत 'यूज अप', 'फिनिश ऑफ', 'गिव्ह अवे' ही मंडळी एका खाली एक उतरतात आणि ती का एकत्र आहेत हे सांगावं लागत नाही. एक सूचना मात्र आधीच द्या: जुळणी दर वेळी बसणार नाही. 'वांग त्याओ'ला इंग्रजीत साधं 'फर्गेट' पुरतं, 'फर्गेट ऑफ' असं काही नसतं.

'टर्न ऑफ इट' ही चूक काही केल्या जात नाही. काय करावं?

ही चूक चिनी वाक्यातून थेट आलेली आहे. 'क्वान त्याओ था' म्हणजे शब्दाला शब्द 'बंद-टाक ते'. निकालाचा तुकडा क्रियापदाला चिकटून, कर्म त्यामागे. म्हणून 'टर्न ऑफ इट'. 'टर्न ऑफ द लाइट' चालतं आणि 'टर्न ऑफ इट' चालत नाही, हे ऐकल्यावर इंग्रजीला शिव्या घालण्याचा त्याचा हक्क मान्य करा.

उपायही चिनीतच आहे. चिनीत 'पा' लावून कर्म क्रियापदाच्या आधी आणता येतं: 'पा था क्वान त्याओ', म्हणजे आपल्या 'ते बंद करून टाक'सारखी रचना. इथे कर्म आधी येऊन जातं आणि वाक्य 'त्याओ'वर संपतं. 'टर्न इट ऑफ'ही 'ऑफ'वर संपतं. ज्या वाक्यात तू 'पा था' म्हणशील तिथे इंग्रजीत 'इट' मध्ये घाल, एवढं सांगितलं तरी बराच फरक पडतो. हा भाषाशास्त्राचा नियम नाही, वर्गात उपयोगी पडणारी खूण आहे.

मग काही दिवसांनी उलटी चूक सुरू होते: 'लुक हर आफ्टर'. नियम अंगात भिनला की तो नको तिथेही लागतो. 'लुक आफ्टर', 'लुक फॉर', 'गेट ओव्हर' आणि 'पुट अप विथ'सारखी तीन शब्दांची मंडळी फुटत नाहीत, हे तेव्हा शिकवा, आधी नको.

'ओपन द लाइट', 'क्लोज द टीव्ही' हे कुठून येतं?

चिनीत दार, दिवा, टीव्ही, मोटार, सभा या सगळ्यांना 'खाय' हे एकच क्रियापद चालतं. 'खाय मन' दार उघडणं, 'खाय तंग' दिवा लावणं. आपणही दिवा 'लावतो', गाडी 'चालू' करतो, नळ 'सोडतो', तेव्हा हसू नका.

फ्रेझल व्हर्ब हजारो आहेत आणि एकेकाचे पाच-सहा अर्थ. सुरुवात कुठून करू?

यादीपासून, पण लहान यादीपासून. डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस यांनी २००७ साली ब्रिटिश इंग्रजीचा मोठा संग्रह तपासला. सगळ्यांत जास्त वापरातल्या शंभर फ्रेझल व्हर्बनी एकूण वापराचा निम्म्याहून जास्त भाग व्यापलेला निघाला. २०१५ मध्ये मेलिसा गार्निए आणि नॉर्बर्ट श्मिट यांनी १५० फ्रेझल व्हर्बची यादी केली आणि प्रत्येकाचे खरोखर वापरात असलेले अर्थच ठेवले. सरासरी एकाला दोनही आले नाहीत. शब्दकोशात 'टेक ऑफ'खाली अर्धं पान भरलेलं असलं तरी विद्यार्थ्याला आज विमान उडणं आणि कपडे काढणं एवढं पुरे. नक्कल करणं हा अर्थ तो ऐकेल तेव्हा शिकेल.

क्रियापदावरून गट करणारी पुस्तकं मला पटत नाहीत. 'गेट अप, गेट ऑन, गेट ओव्हर, गेट अवे, गेट बाय' असं एका पानावर आलं की संध्याकाळपर्यंत डोक्यात त्याची खिचडी होते. त्यापेक्षा मागच्या तुकड्यावरून गट करा. एक आठवडा फक्त 'अप': पण त्यातही संपवण्याचा 'अप' वेगळा, वाढीचा 'स्पीक अप', 'स्पीड अप' वेगळा. 'ऑन'चा चालू राहण्याचा अर्थ, 'कॅरी ऑन', 'गो ऑन', चिनी माणसाला लगेच पटतो, कारण चालू ठेवण्यासाठी त्याच्या भाषेतही 'श्याछ्यू' हा दिशा दाखवणारा तुकडा आहे. फक्त तो 'खाली जाणे' असा आहे. चिनी माणूस बोलत 'खाली' जातो, इंग्रज बोलत 'ऑन' जातो.

लिहिलेलं सगळं कळतं, पण मीटिंगमध्ये गोरे बोलायला लागले की विद्यार्थी गप्प. का?

मँडरिन शब्दावयव (सिलेबल) स्वराने तरी संपतो, नाहीतर न, अनुनासिक ङ किंवा र यांनी. प, ट, क, फ यांनी संपत नाही. इंग्रजी फ्रेझल व्हर्बमध्ये मात्र सगळा मामला या शेवटच्या व्यंजनांवरच असतो: अप, ऑफ, आउट, बॅक. शिवाय वेगात बोलताना 'पिक इट अप' हे तीन शब्द राहत नाहीत, 'पिकिटप' होतात आणि जोर शेवटच्या 'टप'वर पडतो. विद्यार्थी 'पिक' ऐकायला कान लावून बसलेला असतो. तो शब्द आला कधी नि गेला कधी, त्याला कळत नाही.

याला मागून पुढे म्हणण्याचा सराव उत्तम. आधी नुसतं 'टप'. मग 'किटप'. मग 'पिकिटप'. मग 'कॅन्यू पिकिटप'. वर्गात हे वेड्यासारखं वाटतं, पण मोठ्याने म्हणायची सवय चिनी विद्यार्थ्याला असते. मैदानात ओरडून इंग्रजी पाठ करण्याची पद्धत तिकडे एकेकाळी फार गाजली होती. हाँगकाँग किंवा क्वांगतुंगकडच्या कँटोनीज विद्यार्थ्याला ही अडचण कमी येते, कारण त्याच्या भाषेत प, ट, क शेवटी येतात. फक्त तो ते ओठ-जीभ मिटून तिथेच थांबवतो, सोडत नाही.

'चंगयू' म्हणजे काय? त्यांची जोडी इंग्रजी वाक्प्रचाराशी लावून द्यावी का?

चंगयू म्हणजे बहुतेक चार अक्षरांचे ठरीव शब्दगट. बरेचसे प्राचीन ग्रंथांतून आणि इतिहासातल्या प्रसंगांतून आलेले. एकेकामागे गोष्ट असते, ती शाळेत शिकवतात, आणि निबंधात नेमका चंगयू बसवला की विद्यार्थी सुसंस्कृत ठरतो. हा शेवटचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. इंग्रजीतही तसंच असणार असं धरून तो निबंधात 'एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स' टाकतो. परीक्षकाने ते वाक्य त्या दिवशी कितव्यांदा वाचलेलं असतं देव जाणे. चिनी निबंधात शब्दगट जितका जुना तितका मान मोठा. इंग्रजीत जुन्या वाक्प्रचाराला शिळेपणाचा वास येतो. विद्यार्थ्याला पटत नसेल तर त्याचाच चंगयू ऐकवा: 'ह्वा श थ्येन त्सू', साप काढून वर पाय काढणं. साप आधी काढणाऱ्याला मद्य मिळणार होतं. एकाचं चित्र लवकर झालं, म्हणून त्याने सापाला पाय काढले आणि पेला दुसऱ्याने नेला.

जोडी लावण्याबद्दल: लावा, पण तपासून. 'फो फू छन चौ' म्हणजे हंडे फोडून नावा बुडवणं. इ.स.पू. २०७ मध्ये च्यूलूच्या लढाईआधी श्यांग यू या सेनापतीने नदी ओलांडल्यावर हे केलं आणि सैन्याला तीन दिवसांचा शिधा देऊन पुढे नेलं. मराठी वाचकाला हे समजावायला नको. १६७० साली सिंहगडावर तानाजी पडल्यावर सूर्याजीने परतीचे दोर कापल्याची कथा आपण ऐकतच मोठे झालो, आणि 'परतीचे दोर कापणे' आपण रोज वापरतो. इंग्रजीत 'बर्न युअर बोट्स' आहे, 'बर्न युअर ब्रिजेस'ही आहे. पण दुसऱ्याचा आजचा रोख बहुधा संबंध तोडण्याकडे, पुन्हा त्या दारात जायची सोय न ठेवण्याकडे असतो. नोकरी सोडून धंद्यात उतरलेला चिनी माणूस अभिमानाने 'आय बर्न्ड माय ब्रिजेस' म्हणाला की ऐकणाऱ्याला वाटतं, हा जुन्या साहेबाशी भांडून आलेला दिसतो.

अर्थ तोच पण चित्र वेगळं, अशा जोड्यांचा त्रास होतो का?

फारसा नाही, उलट मजा येते. इंग्रज 'टॉक ऑफ द डेव्हिल' म्हणतो, चिनी 'श्वो त्साओ त्साओ, त्साओ त्साओ ताओ', त्साओ त्साओचं नाव काढलं की त्साओ त्साओ हजर. तो हान राजवटीच्या अखेरचा सेनानी. आपण अशा वेळी 'शंभर वर्षं आयुष्य आहे तुला' म्हणतो, सैतान किंवा सेनापती मध्ये आणत नाही. इंग्रज घोड्यासारखा ताकदवान, चिनी बैलासारखा, कारण शेत ज्याने नांगरलं तो प्राणी भाषेत शिरला. पैसा इंग्रज पाण्यासारखा उडवतो, आपणही, चिनी मातीसारखा. असे वाक्प्रचार पटकन पाठ होतात.

मग खरे फसवे कोणते?

ज्यांत शब्द जुळतात आणि अर्थ जुळत नाही ते. आणि यातले काही मराठी माणसालाही फसवतात.

'पुल समवन्स लेग' म्हणजे इंग्रजीत थट्टा करणं. चिनीत 'थ्वो हौ थ्वेइ', मागचा पाय ओढणं, म्हणजे पुढे जाऊ न देणं. आपले खेकडेही एकमेकांचे पाय ओढतात ते त्याच अर्थाने. बॉस 'आय वॉज जस्ट पुलिंग युअर लेग' म्हणाला तर चिनी आणि मराठी दोघांचेही चेहरे पडायचे.

'चाइल्ड्स प्ले' इंग्रजीत अगदी सोपं काम. चिनी 'अर्-शी' आणि मराठी 'पोरखेळ' दोन्हींत गांभीर्य नसल्याची तक्रार आहे. ग्राहकाच्या कामाला 'चाइल्ड्स प्ले' म्हटलं की इंग्रज खूश होईल, चिनी सहकारी दचकेल.

'ईट युअर वर्ड्स' म्हणजे बोललेलं चुकीचं ठरल्याने मागे घेणं. चिनी 'श्र-येन', शब्दशः शब्द खाणं, म्हणजे दिलेला शब्द न पाळणं. फरक छोटा दिसतो, पण करारनाम्याच्या मेलमध्ये एक माणूस दुसऱ्याला बेइमान म्हणून बसतो.

फसव्यांची यादी मोठी नाही. तेवढी पाठच करून घ्या, यात कंटाळा चालणार नाही.

चिनीतून इंग्रजीत काही गेलंय का? विद्यार्थ्याचा उत्साह वाढवायला विचारतोय.

गेलंय की. 'लूज फेस' चिनीतून आलं. 'पेपर टायगर' १९४६ साली माओंनी ॲना लुईस स्ट्राँग या अमेरिकन पत्रकार बाईंशी बोलताना वापरलं, तेव्हापासून जगभर रुळलं. 'लाँग टाइम नो सी' आणि चिनी 'हाओ च्यौ पू च्येन' यांची शब्दाशब्दांची जुळणी पाहून विद्यार्थी खुलतो; पण उगम नक्की चिनीच, असं छातीठोकपणे सांगू नका, त्याबद्दल वाद आहे. हाँगकाँगमधलं 'ॲड ऑइल', म्हणजे 'च्या यौ', आपल्या 'होऊन जाऊ दे'सारखं चिअरअप, २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात शिरलं.

सगळ्यांत गमतीचा 'गंग हो'. इंग्रजीत अर्थ भलताच उत्साही. मूळ ही १९३८ च्या चिनी औद्योगिक सहकारी संस्थांच्या नावातली दोन आद्याक्षरं. इव्हान्स कार्लसन या अमेरिकन मरीन अधिकाऱ्याने दुसऱ्या महायुद्धात आपल्या तुकडीसाठी ती घोषणा म्हणून उचलली. चिनी विद्यार्थ्याला हा शब्द ऐकून ओळखू येत नाही.

आपली भारतीय इंग्रजी आड येते का?

येते. 'तो गेल्या वर्षी पास आउट झाला' हे आपल्याकडे पदवी, लंडनमध्ये भोवळ. 'व्हेअर आर यू पुटिंग अप?', 'आउट ऑफ स्टेशन', 'डू द नीडफुल' हे आपल्यात बिनबोभाट चालतं. विद्यार्थ्याची गाठ ज्यांच्याशी पडणार त्यांचं इंग्रजी शिकवा, आणि भारतीय सहकारी असे बोलतात हेही सांगून ठेवा, कारण सिंगापुरात किंवा शेन्झेनच्या कारखान्यात त्याला ते ऐकू येणारच.

कोणते वाक्प्रचार शिकवूच नयेत?

'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' आधी काढून टाका. पाठ्यपुस्तकांबाहेर ते फारसं कोणी म्हणत नाही. 'किक द बकेट', म्हणजे मरणं, ओळखण्यापुरतं. सांत्वनाच्या मेलमध्ये गेलं तर अनर्थ.

शाळकरी चिनी मुलांच्या ऑनलाइन शिकवण्या अजून मिळतात का?

जुलै २०२१ च्या 'दुहेरी भारकपात' धोरणाने सक्तीच्या शालेय शिक्षणातल्या मुलांना परदेशात बसलेल्या परदेशी शिक्षकांकडून शिकवणं बंद केलं. सध्याचं काम मुख्यतः मोठ्या माणसांचं: नोकरी, परदेशी शिक्षण, मुलाखती.

एका तासात किती शिकवू, आणि गृहपाठ काय देऊ?

ओळखायला दहा चालतील, वापरायला तीनच. वापरायच्या तिन्हींसाठी विद्यार्थ्याने त्याच्याच आयुष्यातलं खरं वाक्य लिहायचं: काल काय 'पुट ऑफ' केलं, कोणाशी 'गेट ऑन' होत नाही, ऑफिसात काय 'सॉर्ट आउट' करायचंय. पुस्तकातल्या 'जॉन' आणि 'मेरी'ची वाक्यं घेऊ नका. गृहपाठ लेखी नको, आवाजात मागवा. वीचॅटवर अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज पुरे. त्यात 'इट' मध्ये आलं का आणि शेवटचा 'प' ऐकू आला का, एवढंच तपासा. व्याकरणाच्या बाकी चुका त्या दिवशी सोडून द्या. पुढच्या तासाला तेच तीन परत, पण या वेळी प्रश्न तुम्ही फोनवर विचारता तसे, भरभर विचारा.